ओळख करून देणं आणि शब्द टाकणं

दोन मेल बघा. दोन्ही एकाच फाउंडरसाठी, म्हणजे नवी कंपनी काढणाऱ्या एका बाईसाठी, एकाच गुंतवणूकदाराला लिहिलेले.

पहिला: "तुमची दोघांची ओळख करून देतोय. ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते, तुम्ही या क्षेत्रात गुंतवणूक करता. पुढचं तुम्ही बोलून घ्या."

दुसरा: "ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. आम्ही दोन वर्षं एकत्र काम केलंय. एकदा डेडलाइनच्या तोंडावर आमचं काम फसलं. तेव्हा तिने ग्राहकाला स्वतः फोन केला, काय चुकलंय ते न लपवता सांगितलं आणि नऊ दिवसांत सगळं दुरुस्त करून दिलं. तिचे विक्रीचे आकडे मला जरा जास्तच आशावादी वाटतात, ते तुम्ही तपासा. माणसाबद्दल मला शंका नाही. अर्धा तास द्याच."

फाउंडर मंडळींच्या बोलण्यात या दोन्हींना एकच नाव आहे: इंट्रो. "इंट्रो मिळाली", "त्यांनी इंट्रो दिली." मराठीत मात्र यासाठी दोन वेगळे शब्दप्रयोग आपण पूर्वीपासून वापरतो. पहिल्या मेलमध्ये ओळख करून दिली आहे. दुसऱ्यात शब्द टाकला आहे. नेटवर्किंगचं महत्त्व सांगणारा बहुतेक सल्ला हा फरक पुसून टाकतो, आणि मग शंभर कार्डं गोळा केलेल्या फाउंडरला कळत नाही की एवढ्या ओळखी असून दार का उघडत नाही.

फरक ओळखायचा तर लिहिणाऱ्याकडे बघावं. पहिला मेल लिहिणाऱ्याचं काही पणाला लागलेलं नाही. भेट फसली तर तो म्हणेल, मी फक्त गाठ घालून दिली. दुसऱ्याने स्वतःची पत गहाण टाकली आहे. ती बाई उद्या खोटं बोलताना सापडली, तर गुंतवणूकदार त्याचा पुढचा मेल उघडताना दोनदा विचार करेल. वाचणाऱ्यालाही हे न सांगता कळतं. शब्दाला वजन येतं ते त्यामुळेच.

हे सगळ्यांनाच लागू आहे, पण फाउंडरला जास्त. आर्थर स्टिंचकोंब या समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली लिहून ठेवलं आहे की नव्या संस्था जुन्यांपेक्षा जास्त मोडतात, आणि त्याचं एक कारण म्हणजे त्यांना सगळे व्यवहार अनोळखी माणसांशी करावे लागतात. जुन्या कंपनीकडे ताळेबंद असतो, जुने ग्राहक असतात, बाजारात नाव असतं. स्टार्टअपकडे यातलं काहीच नसतं. पहिला ग्राहक, पहिला कर्मचारी, पहिला गुंतवणूकदार, सगळ्यांनी विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर? सुरुवातीला कोणाची तरी पत उसनी घ्यावी लागते. फाउंडरसाठी नेटवर्किंगची खरी गरज ही आहे, आणि ती नुसत्या ओळखीने भागत नाही.

म्हणून ओळखीला कमी लेखायचं मात्र कारण नाही. तिचं काम वेगळं आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा गाजलेला निबंध याच विषयावर आहे. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्या माणसाकडून नोकरीची खबर लागली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. नमुना लहान होता, पण कारण पटण्यासारखं आहे. आपले जवळचे लोक आपल्याच वर्तुळात फिरतात, जे आपल्याला माहीत तेच त्यांनाही माहीत. नवी बातमी येते ती तोंडओळखीच्या माणसाकडून, कारण त्याचा वावर दुसरीकडे असतो.

पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यात या म्हणण्याला दुजोरा मिळाला, आणि एक सुधारणाही झाली. नोकरीसाठी सर्वांत उपयोगी ठरली ती अगदी विरळ ओळखही नव्हे आणि घट्ट मैत्रीही नव्हे, तर मधली, काहीशी सैल ओळख. हा अभ्यास नोकरीचा आहे, गुंतवणुकीचा नव्हे. तरी फाउंडरने त्यातून एवढं घ्यावं की कोणता ग्राहक सध्याच्या विक्रेत्यावर नाराज आहे, कोणता चांगला इंजिनिअर नोकरी सोडण्याच्या विचारात आहे, कोणता गुंतवणूक फंड नुकताच नवा पैसा घेऊन बसला आहे, ही खबर अशा ओळखीतून येते. त्यासाठी ओळखी पसरट असाव्यात, वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या असाव्यात, आणि थोड्या पातळ असल्या तरी चालतात.

ओळखीची मर्यादा कुठे लागते, हे दुसऱ्या एका जुन्या प्रयोगात दिसतं. जगातली कोणतीही दोन माणसं सहा पायऱ्यांवर असतात, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यामागे मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांचे प्रयोग आहेत. जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्याबरोबर १९६९ मध्ये त्यांनी जो प्रसिद्ध केला त्यात २९६ लोकांना एक पाकीट देऊन सांगितलं होतं की ते बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत पोचवायचं, पण फक्त स्वतः ओळखता अशा माणसाच्या हातून. पोचलेल्या पाकिटांना सरासरी पाचाहून थोडे जास्त मध्यस्थ लागले. हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: २९६ पैकी पोचली फक्त ६४. बाकीची कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर पडून राहिली. साखळी अस्तित्वात होती, पण पाकीट पुढे सरकवावं इतकी आच प्रत्येक हाताला नव्हती. फाउंडरच्या पिच डेकचं, म्हणजे गुंतवणूकदारांसाठी केलेल्या सादरीकरणाचं, नेमकं हेच होतं. "मी पाठवतो त्यांना" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्यापाशी पाठवण्याचं पुरेसं कारण नसतं, एवढंच.

आता शब्द टाकणं म्हणजे काय, ते बघू. ऑगस्ट १९९८. स्टॅनफर्डमधले दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, पालो आल्टोमधल्या एका घराच्या ओसरीवर आपलं सर्च इंजिन दाखवत होते. समोर होते सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक अँडी बेक्टोल्सहाइम. त्यांनी 'गूगल इंक' या नावाने एक लाख डॉलरचा चेक लिहून दिला. त्या नावाची कंपनी तेव्हा नव्हतीच. ती नोंदवली गेली ४ सप्टेंबरला, तोवर चेक भरता येत नव्हता.

गोष्ट सांगताना सगळे चेकपाशी थांबतात. ओसरी कोणाची होती, इकडे फारसं कोणी बघत नाही. ती होती डेव्हिड चेरिटन यांची. चेरिटन स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक होते, म्हणजे या दोघांचं काम त्यांना जवळून बघता येत होतं. दुसऱ्या बाजूला, त्यांनी आणि बेक्टोल्सहाइम यांनी मिळून ग्रॅनाइट सिस्टिम्स ही कंपनी काढली होती आणि १९९६ मध्ये ती सिस्कोने २२ कोटी डॉलरला विकत घेतली होती. शिवाय गूगलमध्ये चेरिटन यांनी स्वतःचेही पैसे घातले. मुलं काय करताहेत हे माहीत असणारा, पाहुण्याबरोबर धंदा करून त्याचा विश्वास कमावलेला आणि स्वतःच्या खिशात हात घालणारा माणूस मध्ये उभा होता. चेक इतका झटपट लिहिला गेला त्यात कल्पनेचा वाटा मोठा होताच. ओसरीचाही होता, असं मला ठामपणे वाटतं.

गुंतवणूकदारांकडचे आकडे बघितले तर मध्यस्थाचं महत्त्व तसंही दिसतं. व्हेंचर कॅपिटल फंडांमधल्या, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडांमधल्या, ८८५ जणांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या व्यवहारांपैकी ३० टक्क्यांहून जास्त व्यावसायिक ओळखीपाळखीतून आले होते, आणखी २० टक्के दुसऱ्या गुंतवणूकदारांनी सुचवलेले, ८ टक्के आधी पैसे घातलेल्या कंपन्यांकडून. फाउंडरने मध्यस्थाशिवाय थेट संपर्क साधून जमलेले व्यवहार सुमारे १० टक्के. एक गुंतवणूक होईपर्यंत फंड साधारण शंभर प्रस्ताव बघतो, हेही त्यातच आहे. शंभरांतलं एक निवडायचं असेल तेव्हा "भेटून बघा" आणि "मी याला ओळखतो, भेटाच" यांत केवढं अंतर पडत असेल!

कधी कधी दोन्ही गोष्टी एकाच साखळीत दिसतात. अ‍ॅपलचंच घ्या. स्टीव्ह जॉब्स आधी अटारी या व्हिडिओ गेम कंपनीत कामाला होते. अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी त्यांना गुंतवणूकदार डॉन व्हॅलेंटाइन यांच्याकडे पाठवलं. व्हॅलेंटाइन यांनी तेव्हा पैसे घातले नाहीत, मार्केटिंग कळणारा माणूस आधी आणा म्हणाले आणि माइक मार्कुला यांचं नाव दिलं. इथपर्यंत सगळ्या ओळखी. मार्कुला मात्र आत उतरले: २,५०,००० डॉलर, स्वतःचा वेळ आणि इंटेलमध्ये कमावलेलं नाव. पुढे व्हॅलेंटाइन यांनीही गुंतवणूक केली. त्यांची ओळख फुकट गेली नाही, पण चाक फिरलं ते कोणीतरी जबाबदारी अंगावर घेतल्यावर.

याच्याशी जोडलेला एक धोका फाउंडरच्या उशिरा लक्षात येतो. ज्याने तुम्हाला स्वतः नकार दिला, त्या गुंतवणूकदाराने दुसऱ्या गुंतवणूकदाराशी ओळख करून दिली तर ती बहुधा तोट्याची ठरते. समोरच्याचा पहिला प्रश्न असतो, मग याने स्वतः का नाही घातले? व्हॅलेंटाइन यांच्या बाबतीत हे घडलं नाही, कारण त्यांनी दुसरा फंड दाखवला नव्हता, कंपनीत जे कमी होतं ते भरून काढणारा माणूस दाखवला होता. नकार देणाऱ्याकडे काही मागायचंच असेल तर ते मागा: माझ्यात काय कमी आहे, आणि ते कोणाला चांगलं येतं?

शब्द टाकणं म्हटलं की काहींना वशिला आठवतो. वशिल्यात लायकी बघू नका असं सांगणं असतं. शब्द टाकणारा म्हणतो, लायकी मी बघितली आहे, तुम्हीही बघा. वरच्या मेलमधलं विक्रीच्या आकड्यांबद्दलचं वाक्य म्हणूनच मोलाचं आहे. वशिल्याच्या पत्रात ते कधीच सापडणार नाही.

ओळख एका संध्याकाळी होते. शब्द मिळवायला मात्र कोणीतरी तुम्हाला काम करताना बघितलेलं असावं लागतं, तेही शक्यतो अडचणीत. इथे नवा फाउंडर हताश होतो: माझ्याबरोबर काम केलेली वजनदार माणसं मी आणू कुठून? माझ्या अनुभवात याला चालणारा एक साधा उपाय आहे, महिन्याला एक छोटा मेल. तोंडओळखीच्या पंधरा-वीस माणसांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर दर महिन्याला पाच ओळी पाठवायच्या. मागच्या महिन्यात काय ठरवलं होतं, काय झालं, काय नाही झालं आणि का, पुढच्या महिन्यात काय. तिसरी ओळ कधीही गाळायची नाही. "दोन ग्राहक ठरवले होते, एकच आला; दुसऱ्याला किंमत पटली नाही, आम्ही किंमत चुकीच्या पद्धतीने मांडली होती" असं वाक्य सहा-सात महिने वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी मिळतं. त्याने तुमच्याबरोबर काम केलेलं नसतं, पण तुमचं बोलणं आणि करणं जुळताना पाहिलेलं असतं. तोंडओळखीचा माणूस शब्द टाकण्याच्या टप्प्यावर येतो तो असा.

मागतानाही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात. मला हे एका प्रसंगातून कळलं. एका फाउंडरने मला फंडातल्या एका परिचिताशी बोलायला सांगितलं. मी त्या फाउंडरला दोनदाच भेटलो होतो, पण भिडेपोटी हो म्हणालो आणि मेलमध्ये लिहिलं, "चांगला मुलगा वाटला." उत्तर आलंच नाही. "वाटला" या एका शब्दातून परिचिताला जे कळायचं ते कळलं होतं. मी आधीच सांगायला हवं होतं: ओळख करून देतो, शब्द टाकण्याइतकं मी तुला ओळखत नाही. त्याने मग माझ्याकडून फक्त ईमेल पत्ता घेतला असता आणि शब्दासाठी त्याच्या जुन्या बॉसकडे गेला असता. त्या मुलाचं नुकसान माझ्या भिडेने झालं, ही बोच अजून आहे.

म्हणून फाउंडरने "इंट्रो द्याल का?" असं विचारण्याऐवजी "त्यांनी माझ्याबद्दल विचारलं तर तुम्ही काय सांगाल?" असं विचारावं. उत्तरात एखादा प्रसंग आला तर तिथे शब्द आहे. "हुशार आहेस, मेहनती आहेस" एवढंच आलं तर ओळख आहे, ती आनंदाने घ्यावी आणि तेवढीच समजून वापरावी. सोबत सहा-आठ ओळींचा, जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मेल स्वतः लिहून द्यावा. समोरच्याला आधी विचारून मगच दोघांना एका मेलमध्ये आणा, असंही सांगावं. न विचारता गळ्यात पडलेली भेट कोणालाच आवडत नाही.

आणि भेट झाल्यावर, निकाल काहीही लागो, मध्यस्थाला त्याच दिवशी चार ओळी कळवाव्यात. नकार आला असला तर आधी. "ते आत्ता पैसे घालणार नाहीत. त्यांच्या मते ग्राहक टिकताहेत का हे अजून दिसत नाही, आणि ते बरोबर आहे. सहा महिन्यांनी आकडे घेऊन परत येईन असं त्यांना सांगितलंय. तुम्ही बोललात म्हणून एक तास मिळाला." पुढच्या वेळी कोणी त्या मध्यस्थाला तुमच्याबद्दल विचारलं, तर त्याच्याकडे सांगायला हा एक प्रसंग असेल.