केस न बघता एक्झॅक्ट मॅच (सर्च इंडेक्स)

सर्च इंजिनच्या इंडेक्समधलं (शोधासाठी बनवलेल्या सूचीतलं) एखादं फील्ड असं सेट करायचं की पूर्ण मजकूर जुळला तरच रिझल्ट यावा, अर्ध्या शब्दावर येऊ नये, पण रोमन अक्षरं कॅपिटल आहेत की स्मॉल याकडे, म्हणजे केसकडे, मात्र इंजिनने लक्ष देऊ नये, अशा रचनेला केस न बघता एक्झॅक्ट मॅच म्हणतात. गाडी नंबर, पार्ट नंबर, ईमेल आयडी, स्टेशन कोड, दुकानाचं नाव असल्या फील्डला हे लागतं. लेख, बातम्या वगैरे मजकुराला नाही.

सुरुवात कधीची, यावर एकमत नाही. अक्षरांना आकडे ठरवून देणाऱ्या १९६३ च्या आस्की मानकात स्मॉल अक्षरं नव्हतीच, ती १९६७ च्या सुधारित मानकात आली आणि तिथे कॅपिटल-स्मॉलमधे बरोबर ३२ चा फरक ठेवला, म्हणजे एक बिट बदलला की काम झालं. त्यामुळे हा प्रश्न साधारण साठच्या दशकाच्या शेवटाकडे नीट उभा राहिला असं धरायला हरकत नाही. डेटाबेसवाले याचं मूळ कोलेशनमधे, म्हणजे मजकुराची तुलना करायच्या नियमांत, शोधतात, तिथे मूळ डेटा तसाच राहतो आणि तुलना करताना केस सोडून देतात. सर्चवाले म्हणतात की खरी गोष्ट इंडेक्समधे टर्म (शोधासाठी साठवलेला शब्द किंवा मूल्य) लिहितानाच एका साच्यात बसवणं ही आहे. आजची इंजिनं पाहिली तर दुसरं म्हणणं जास्त पटतं. डग कटिंग यांनी १९९९ च्या सुमारास लिहिलेलं ल्युसीन, सी-नेट (CNET) कंपनीत २००४ ला सुरू होऊन २००६ ला अपाचेकडे आलेलं सोलर, शाय बॅनन यांचं २०१० चं इलास्टिकसर्च, सगळ्यांच्या पोटात ल्युसीनच आहे आणि ल्युसीनला टर्म म्हणजे नुसते बाइट, त्यात जराही फरक असला की टर्म वेगळी.

म्हणून नियम एकच: इंडेक्स करताना जे केलं तेच क्वेरीवर (शोधायला टाकलेल्या मजकुरावर) झालं पाहिजे. डेटा लोअरकेस करून भरला आणि क्वेरी कॅपिटलात तशीच गेली तर शून्य रिझल्ट, आणि एररही येत नाही, माणूस डेटातच खोट शोधत बसतो.

इलास्टिकसर्चमधे २०१६ च्या ५.० आवृत्तीत जुनं स्ट्रिंग फील्ड फोडून टेक्स्ट (शब्द तोडून साठवणारं) आणि कीवर्ड (अख्खं मूल्य साठवणारं) असे दोन प्रकार केले. कीवर्ड तंतोतंत होतं पण केस बघायचं, म्हणून लोक टेक्स्ट फील्डलाच कीवर्ड टोकनायझर (अख्खा मजकूर एकच टर्म ठेवणारा) आणि लोअरकेस फिल्टर (अक्षरं स्मॉल करणारा) लावून जुगाड करायचे. २०१७ ला ५.२ मधे नॉर्मलायझर (मूल्य एका साच्यात बसवणारा भाग) आला आणि जुगाडाची गरज संपली. नॉर्मलायझर कीवर्ड फील्डवर बसतो, मजकूर तोडत नाही, आणि टर्म क्वेरीलाही आपोआप लागतो. पुढे ७.१० मधे क्वेरीतच केस सोडून देण्याचा पर्याय मिळाला, पण तो फक्त आस्की अक्षरांपुरता आहे आणि प्रत्येक क्वेरीत आठवणीने लिहावा लागतो. फील्ड रोज शोधायचं असेल तर नॉर्मलायझरच बरा. सोलरमधे स्ट्रिंग प्रकारावर काहीच प्रक्रिया होत नाही, तिथे टेक्स्टफील्ड घेऊन कीवर्ड टोकनायझर, लोअरकेस आणि ट्रिम (कडेच्या जागा काढणारा) असं लावतात. सोलरचा क्वेरी वाचणारा नेहमीचा पार्सर ७.० च्या आधी मधल्या जागेवर क्वेरी तोडायचा, जुनं सोलर अजून चालू असेल तर नाव अवतरणात टाकावं.

नागपुरातलं सोपं उदाहरण म्हणजे वाडी भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्यांची यादी. एमएच ३१ शहराचं, ४० ग्रामीणचं, ४९ पूर्व नागपूरचं. कोणी कॅपिटलात जागा सोडून टाइप करतं, कोणी स्मॉलमधे सलग, कोणी मधे डॅश मारतं, आणि ज्याच्या पाटीवरच मराठी आकडे आहेत तो तेच आकडे टाकून मोकळा होतो. इथे लोअरकेस एकटं पुरत नाही, जागा आणि डॅश काढायला पॅटर्न रिप्लेस लागतो आणि देवनागरी आकड्यांना रोमन करायला डेसिमल डिजिट फिल्टर. हे सगळं केलं की वापरणाऱ्याला स्क्रीनवर निवडायला मिळणाऱ्या यादीत नंबर स्मॉलमधे सलग दिसायला लागतात, कारण अ‍ॅग्रिगेशनला (ही यादी मोजून काढणाऱ्या प्रक्रियेला) इंडेक्समधली टर्मच मिळते, मूळ मजकूर नाही. त्यासाठी मूळ रूपाचं एक उपफील्ड शेजारी ठेवतात.

लोअरकेस आणि केस फोल्डिंग (तुलनेसाठी केसचा फरक पुसणं) एकच नाही. जर्मन ß लोअरकेसमधे तसाच राहतो, फोल्डिंगमधे त्याचे दोन एस होतात. तुर्कीत कॅपिटल आयचं स्मॉल रूप बिनटिंबाचं असतं, त्यासाठी ल्युसीनमधे वेगळा फिल्टरच आहे.

देवनागरीला केस नाही, त्यामुळे मराठी डेटाला हे लागू नाही असं बरेच जण धरून चालतात. पण दिसायला सारखं आणि बाइटला वेगळं हा प्रकार मराठीतच जास्त होऊन राहिला आहे. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमधे २००८ ला आलं, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन काम भागवतात आणि ही दोन रूपं युनिकोडच्या साध्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याने) एक होत नाहीत. त्याहून अवघड ‘ऱ्या’. तो ऱ वापरूनही लिहिता येतो आणि र, हलन्त, मग न दिसणारा जोडक असाही. युनिकोड दोन्ही चालवून घेतं. आता आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा केस फोल्डवाला नॉर्मलायझर न दिसणारी अक्षरं काढून टाकतो, मग जोडकाने लिहिलेल्या आचाऱ्यांचे थेट आचार्य होतात आणि दऱ्यांचा दर्या. केटरिंगवाल्यांच्या यादीत हा घोळ चांगलाच महागात पडेल. उपाय म्हणजे जोडक काढण्याच्या आधी कॅरेक्टर फिल्टरने त्या रूपाचं ऱ करून घेणं. हिंदी नॉर्मलायझेशन फिल्टर मराठी फील्डला लावायची सूचना अधूनमधून दिसते, ती तंतोतंत जुळणीसाठी न मानलेली बरी. तो दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करतो, म्हणजे शिर आणि शीर एक.

सीताबर्डी, सिताबर्डी, नुसतं बर्डी आणि इंग्रजीतलं सीताबुल्डी या नागपूरच्या एकाच भागाच्या नावांना एकत्र आणणं हे या रचनेचं काम नाही, त्याला समानार्थी यादी लागते.

मर्यादा: ल्युसीनमधे एका टर्मला जास्तीत जास्त ३२,७६६ बाइट चालतात, देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मधे ३ बाइट घेतं, म्हणजे सुमारे १०,९०० चिन्हं. मॅपिंग (कुठलं फील्ड कुठल्या प्रकारचं ते) न देता डेटा टाकला तर इलास्टिकसर्च स्वतः जे कीवर्ड उपफील्ड बनवतं त्यात २५६ चिन्हांच्या वरचं मूल्य इंडेक्सच होत नाही. चालू फील्डला नॉर्मलायझर नंतर जोडता येत नाही, नवा इंडेक्स बनवून डेटा रीइंडेक्स करायचा आणि एलियस (इंडेक्सचं टोपणनाव, अ‍ॅप तेच वापरतं) तिकडे वळवायचा, अ‍ॅपला हात लावायची गरज पडत नाही.