नाकतोडा आणि थंडीतली परजीवी गांधीलमाशी

उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या अफाट गवताळ पट्ट्यात, हे दोघं एकाच शेतात सापडू शकतात पण जगायची तऱ्हा एकदम वेगळी. एक मेलानोप्लस सँग्विनिपेस नावाचा नाकतोडा, दुसरी ब्रॅकॉन सेफाय ही इवलीशी गांधीलमाशी.

नाकतोड्याचं सगळं उघड्यावर. गवत खातो, गव्हातही घुसतो, आणि अळी-कोश ही भानगडच नाही, अंड्यातून निघतं ते पिल्लूच छोट्या नाकतोड्यासारखं दिसतं, फक्त उडण्याजोगे पंख नसतात, मग कात टाकत टाकत मोठं होतं. कान डोक्यावर नाहीत, पोटाच्या पहिल्या खंडावर!

गांधीलमाशीचं प्रकरण जास्त भारी आहे. गव्हाच्या खोडात सॉफ्लाय नावाच्या किडीची अळी आतून पोखरत असते, ती मादी बाहेरूनच हेरते, अंडी घालायची नळी खोडातून आत खुपसून अळीला लुळी करते आणि तिच्यावर नाहीतर शेजारी अंडं घालते. त्यातून निघालेली अळी सॉफ्लायच्या अळीला बाहेरून चिकटून खाऊन संपवते. यजमान मरतोच, म्हणून परजीवी हा शब्द इथे जरा सौम्यच वाटतो, उवा काही असा जीव घेत नाहीत.

खरा फरक हिवाळ्यात दिसतो. नाकतोडे थंडीत मरून जातात, मागे राहतात ती मातीत घातलेली अंडी, वर माती आणि बर्फाचं पांघरूण, त्यामुळे वरची कडक थंडी तिथपर्यंत तेवढी पोचत नाही. सॉफ्लायची अळीसुद्धा खोडाच्या बुडाशी, जमिनीलगत उतरून बसते. ब्रॅकॉनची अळी मात्र वर खोडातच कोश विणून राहते, म्हणजे थेट हवेच्या थंडीत. मग ती टिकते कशी? 1959 साली कॅनडातले कीटकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. सॉल्ट यांनी दाखवलं की ही अळी शरद ऋतूत अंगात भरपूर ग्लिसरॉल साठवते, गाडीच्या रेडिएटरमधल्या अँटीफ्रीझसारखं, त्यामुळे उणे 47 अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत तिच्या अंगातलं पाणी गोठत नाही. वसंतात ते ग्लिसरॉल परत कमी होतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की कापणीला खोड जरा उंच ठेवलं तर या माश्या पुढच्या वर्षासाठी शेतातच राहतात, अगदी बुडातून कापलं तर कोश खोडाबरोबर निघून जातात.