दोन भाषा, एक चित्र: ध्वनी-संकलनाची दोन घराणी

एकाच व्हिडिओला दोन भाषांतलं निवेदन जोडायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो: सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? उत्तर म्हणून सहसा नावांची जंत्री मिळते. ऑडॅसिटी, रीपर, ऑडिशन, प्रो टूल्स, दा विंची रिझॉल्व्ह. जंत्री चुकीची नसते, पण एका सॉफ्टवेअरमध्ये एक श्वास कापला की नंतरचं सगळं निवेदन अलीकडे का सरकतं आणि दुसऱ्यात ते जागच्या जागी का राहतं, हे तिच्यातून कळत नाही. ध्वनी-संकलनाची मुळात दोन घराणी आहेत. एक सिनेमाच्या टेबलावर वाढलं, दुसरं रेडिओच्या. आजची सॉफ्टवेअर या ना त्या घराण्याची वारस आहेत, काही दोन्हींची.

आधी सिनेमाचं. १९२६ साली आलेल्या व्हायटाफोन पद्धतीत आवाज १६ इंची तबकडीवर असे आणि तबकडी प्रोजेक्टरच्याच मोटरवर फिरे. ऑपरेटरने सुई खुणेवर ठेवायची, फिल्मची ठरावीक फ्रेम खिडकीत आणायची आणि मोटर सुरू करायची. फिल्म तुटली आणि सांधताना चार फ्रेम गेल्या, तर तिथे चार काळ्या फ्रेम भराव्या लागत. नाहीतर रीळ संपेपर्यंत ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. काही वर्षांत आवाज फिल्मच्याच कडेला छापला जाऊ लागला आणि तबकडी गेली. आवाजासाठी वेग स्थिर हवा, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाण पक्कं झालं. ‘जेवढं काढलं तेवढं परत भरायचं’ हा तबकडीच्या काळातला नियम मात्र टिकला, आणि त्या घराण्याची खूण बनला.

दुसऱ्या भाषेचा प्रश्न बोलपटाबरोबरच आला. मूकपटाला फक्त पाट्या बदलून चालत असे. आता काय करायचं? पहिलं उत्तर भलतंच खर्चिक होतं: अख्खा चित्रपट पुन्हा चित्रित करायचा. पॅरामाउंटने १९३० मध्ये पॅरिसजवळच्या ज्वँव्हिल इथे असा कारखानाच उघडला होता. सेट तोच, संहिता तीच. एका भाषेचे नट उतरले की दुसऱ्या भाषेचे चढायचे. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ही १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत झाला तो याच रीतीने. या पद्धतीत आवाज जुळवण्याची कटकट नव्हती, कारण प्रत्येक भाषेला तिचं स्वतःचं चित्र होतं. आवाज वेगळा मुद्रित करून नंतर मिसळण्याचं तंत्र सुधारलं, तशी डबिंगची स्वस्त वाट मोकळी झाली आणि एका चित्रावर दोन भाषा बसवण्याचा पेच खऱ्या अर्थाने सुरू झाला.

फ्रान्समध्ये त्यावर एक सुंदर उपाय रूढ झाला. संवाद एका लांब पट्टीवर हाताने लिहायचे, ती पट्टी चित्राखालून चित्राच्याच चालीने सरकवायची, आणि जो शब्द जितका वेळ तोंडात राहतो तितका तो पट्टीवर लांब लिहायचा. पट्टीवरची अक्षरं एका उभ्या रेषेपाशी येतील तशी नटाने बोलायची. या ‘रिदमो बँड’ची संगणकीय रूपं आजही डबिंगच्या स्टुडिओंत वापरली जातात. निवेदकाला मजकूर चित्रासोबत सरकताना दिसणं हे माझ्या मते कुठल्याही इफेक्टपेक्षा मोलाचं आहे. तरी सॉफ्टवेअर निवडताना त्याची चौकशी फार थोडे लोक करतात.

चुंबकीय ध्वनिमुद्रण आलं आणि घराण्यांची फाटाफूट स्पष्ट झाली. सिनेमावाल्यांनी चुंबकीय थर चढवलेली, कडेला छिद्रं असलेली फिल्म घेतली. चित्राची आणि आवाजाची फिल्म एकाच दात्यांवरून फिरे, त्यामुळे दोन्ही निसटण्याचा प्रश्नच नव्हता. आवाजाचा तुकडा काढला तर त्याच लांबीची कोरी फिल्म तिथे चिकटवायची. संवाद एका पट्टीवर, संगीत आणि पार्श्वध्वनी दुसऱ्या पट्टीवर ठेवण्याची शिस्तही इथलीच. परदेशी वितरकाला ही दुसरी पट्टी, म्हणजे ‘एम अँड ई’ (म्युझिक अँड इफेक्ट्स), स्वतंत्र दिली की त्याने फक्त आपल्या भाषेतले संवाद त्यावर चढवायचे. द्विभाषिक काम हाती घेणाऱ्याने मूळ निर्मात्याकडे पहिल्यांदा हीच पट्टी मागावी. संगीत आणि बोलणं एकदा एकत्र मिसळलं की नंतर त्यांना वेगळं करणारी साधनं आहेत, पण ती डाग ठेवून जातात.

रेडिओचा रस्ता वेगळा. जर्मनीत एईजी कंपनीने १९३५ मध्ये मॅग्नेटोफोन हा टेपवर आवाज मुद्रित करणारा यंत्रसंच लोकांसमोर आणला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र जगभर पसरलं. टेपला छिद्रं नव्हती आणि चित्राशी तिचा संबंधही नव्हता. अडखळलेला शब्द ब्लेडने कापायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची, झालं. कार्यक्रम तेवढ्याने आखूड होई आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नसे. उलट तोच हेतू असे. मुलाखती, भाषणं, बातमीपत्रं यांच्यासाठी याहून चांगलं साधन नव्हतं.

दोन्ही जगांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून टाइमकोड आला. १९६७ मध्ये एका अमेरिकी कंपनीने व्हिडिओ टेपच्या प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा पत्ता दिला; पुढे एसएमपीटीई या संस्थेने त्याचं प्रमाणीकरण केलं. छिद्रांचं काम आकडे करू लागले. त्यातही एक गोम होती. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचं प्रमाण ठरवताना सेकंदाला ३० ऐवजी २९.९७ फ्रेमचा वेग घ्यावा लागला. त्यामुळे ३० च्या हिशेबाने मोजलेला टाइमकोड खऱ्या घड्याळापेक्षा तासाला ३.६ सेकंद मागे पडतो. तो हिशेबात आणायला ‘ड्रॉप फ्रेम’ काढला: दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळायचे नाहीत. गाळले जातात ते क्रमांक, फ्रेम नव्हेत. एका भाषेची संहिता ड्रॉप फ्रेमच्या वेळा लावून आली आणि दुसरीची साध्या, तर सुरुवातीला सगळं जुळलेलं भासतं आणि तासाच्या शेवटी निवेदन भलत्याच दृश्यावर पडतं.

आणि मग संगणक. डिजिडिझाइन कंपनीचं साउंड टूल्स १९८९ मध्ये आलं, चार ट्रॅकचं प्रो टूल्स १९९१ मध्ये. जन्माने हे संगीताचं, पण सिनेमावाल्यांनी त्याला दत्तक घेतलं आणि आपली शिस्त लावली. म्हणून त्यात ‘शफल’ आणि ‘स्लिप’ असे दोन मोड शेजारी बसलेले दिसतात. शफलमध्ये कापलेली जागा आपोआप भरून येते, जणू ब्लेडने टेप कापली. स्लिपमध्ये ती मोकळी राहते, जणू कोरी फिल्म चिकटवली. ‘स्पॉट’ मोड तर क्लिपला थेट टाइमकोडच्या पत्त्यावर नेऊन ठेवतो. स्टाइनबर्गचं न्यूएन्डो चित्रपटांच्या कामात रुजलं. फेअरलाइट हेही मुळात सिडनीचं संगीतयंत्र; रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीने ते २०१६ मध्ये विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी दा विंची रिझॉल्व्हमध्ये त्याचं वेगळं पान आलं, मोफत आवृत्तीतसुद्धा.

रेडिओच्या घराण्यात कूल एडिट हे मोठं नाव. अडोबीने ते २००३ मध्ये घेतलं आणि त्याचं ऑडिशन झालं. ऑडॅसिटीची सुरुवात १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली आणि पुढच्या वर्षी ते सर्वांसाठी खुलं झालं. एका आवाजाच्या साफसफाईसाठी ते आजही उत्तम आहे. पण त्यात व्हिडिओ दिसत नाही, आणि सलग क्लिपमधला श्वास ‘डिलीट’ केला की उरलेलं निवेदन अलीकडे येतं. जागा राखायची तर ‘सायलेन्स’ किंवा ‘स्प्लिट डिलीट’ ही आज्ञा वापरावी लागते. रीपर (२००५) दोन्हीकडचं: व्हिडिओ दाखवतं, आणि ‘रिपल’ (कापलं की पुढचं सगळं अलीकडे ओढणारी सोय) चालू-बंद करून कुठल्या घराण्याच्या रीतीने कापायचं ते आपणच ठरवायचं.

सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घ्यायचे याचा, झगडाही वारशातलाच. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ हा आकडा व्हिडिओ टेपवर डिजिटल आवाज साठवण्याच्या जुन्या यंत्रांतून आला: ओळीला ३ सॅम्पल, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्ध्या फ्रेम), गुणाकार ४४,१००. चित्रपट आणि व्हिडिओ मात्र ४८ वर स्थिरावले. तिथे २४ फ्रेमच्या वेगाला फ्रेममागे बरोबर २,००० सॅम्पल पडतात, २५ ला १,९२०. एका निवेदकाने ४४.१ वर आणि दुसऱ्याने ४८ वर मुद्रण पाठवलं तरी चांगलं सॉफ्टवेअर रूपांतर करून घेतं. न करता वाजवलं तर ४४.१ चा आवाज जवळजवळ ९ टक्के जलद आणि चिरका ऐकू येतो.

किती अचूक जुळवायचं, हे कामाच्या प्रकारावर आहे. ओठांशी जुळणारं डबिंग असेल तर आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं. उशीर जास्त खपतो याचं कारण साधं आहे: लांबून येणारा आवाज निसर्गातही उशिराच पोचतो. माहितीपटातल्या निवेदनाची रीत सैल असते. मूळ माणूस क्षणभर ऐकू द्यायचा, मग त्याचा आवाज खाली नेऊन दुसरी भाषा वर आणायची. इथे अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. मूळ आवाज आपोआप दबवणारं ‘डकिंग’ मात्र हवंच. ज्यांचं काम एवढंच आहे त्यांनी महागड्या सॉफ्टवेअरच्या नादी का लागावं, मला कळत नाही.

दुसऱ्या भाषेतलं वाक्य लांबलं की हात आपसूक ‘टाइम स्ट्रेच’कडे जातो. आवाजाचा सूर न बदलता वेग बदलण्याची एक मूलभूत रीत, फेज व्होकोडर, १९६६ मध्ये बेल लॅब्जच्या संशोधकांनी मांडली. आजची साधनं तिच्याहून बरीच पुढे गेली आहेत. तरीही चार-पाच टक्क्यांच्या पलीकडे बोलण्यात धाप लागल्याचा भास होतो. एका मुद्रणाला दुसऱ्याच्या तालावर बसवणारी व्होकअलाइनसारखी साधनं एकच वाक्य त्याच भाषेत पुन्हा बोललेलं असताना कमाल करतात. भाषा बदलली की अक्षरांची संख्याच जुळत नाही, मग त्यांच्याही हाती फार उरत नाही. शिवाय क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत चित्रातली कृती होऊन जाते तेव्हा कुठे निवेदक तिचं नाव घेतो. तिथे ताणाताण करण्यापेक्षा वाक्य नव्याने लिहून घेतलेलं बरं.

डीव्हीडीने १९९० च्या दशकाच्या शेवटी एका चित्राला आठपर्यंत ध्वनिपट्ट्या देऊ केल्या. २०२३ पासून यूट्यूबही एका व्हिडिओला अनेक भाषांचे ट्रॅक जोडू देतं. मिक्स करून एकच फाइल सोपवण्याचे दिवस त्यामुळे मागे पडताहेत. आता प्रत्येक भाषेची स्वतंत्र, चित्राच्या पहिल्या फ्रेमपासून सुरू होणारी आणि चित्राइतक्याच लांबीची फाइल द्यावी लागते, शक्यतो वेव्ह स्वरूपात. एमपी३ करताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता शिरते. सगळ्या भाषा एकाच टाइमलाइनवर ठेवून त्यांच्या वेगवेगळ्या फाइल एका झटक्यात काढून देण्याची सोय सिनेमाच्या घराण्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा मिळते, आणि रीपरमध्येही.