डेटा सेंटरची पर्यावरण मंजुरी : फाइल नेमकी कुठे अडते?

14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेची अनुसूची कितीही चाळा, ‘डेटा सेंटर’ हा शब्द सापडत नाही. म्हणून मंजुरी लागतच नाही असं धरून लोक पाया खणतात आणि अडकतात. मंजुरी लागते, इमारत म्हणून : 20,000 चौरस मीटर बांधकामापासून अनुसूचीतली बाब 8(अ), दीड लाखापासून 8(ब). डेटा सेंटरना 2022 मध्ये मिळालेला पायाभूत सुविधांचा दर्जा कर्ज मिळायला उपयोगी, इथे नाही. ‘इंडस्ट्रियल शेड’ला असलेल्या सवलतीतून निसटायची वाट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये बंद केली.

खरा घोळ क्षेत्रफळाचा. आर्किटेक्ट एफएसआयचा (चटई क्षेत्राचा) आकडा देतो, समजा 17,500 चौरस मीटर. अधिसूचनेला हवी असते सगळ्या मजल्यांची बेरीज, तळघर आणि सर्व्हिस एरिया धरून. डीजी (डिझेल जनरेटर), चिलर (थंड पाण्याची यंत्रं), यूपीएस, बॅटऱ्या यांच्या खोल्या मोजल्या की 20,000 कधी ओलांडले कळतही नाही. आज 18,000 ची इमारत, पुढे त्याच भूखंडावर 6,000 ची, ही युक्तीही चालत नाही. दुसरी विस्तार ठरते आणि तिच्याआधी मंजुरी लागते. मंजुरी मिळेपर्यंत जागेला फक्त कुंपण घाला, जमीन सपाट करू नका.

अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर. छाननी राज्य तज्ज्ञ समितीची, निर्णय राज्य प्राधिकरणाचा.

अर्जाच्या वेळी हमखास हाताशी नसलेला कागद म्हणजे पाण्याचं हमीपत्र. एमआयडीसीचं भूखंड वाटपपत्र जोडून भागत नाही. रोज किती घनमीटर पाणी देणार, हे लेखी हवं. अर्जातले रकाने गृहसंकुलं डोळ्यांसमोर ठेवून आखल्यासारखे, त्यामुळे अर्जदार माणशी 45 लिटरने कर्मचाऱ्यांचं पाणी भरून मोकळे होतात. कूलिंग टॉवरमधून उडून जाणारं आणि ब्लोडाउनचं (क्षार साचले म्हणून टॉवरमधून काढून टाकलेलं) पाणी कोण मोजणार? आकडा मे महिन्यातल्या गरजेचा द्या, सांडपाणी प्रक्रियेतून परत किती वापरणार तेही लिहा. बोअरवेल असेल तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला वेगळा.

डीजीच्या चिमणीतही हमखास चूक होते. इमारतीची उंची अधिक 0.2 गुणिले संचाच्या केव्हीए क्षमतेचं वर्गमूळ, हे सूत्र लहान संचांचं. 800 किलोवॅटच्या वरच्या संचाला किमान 30 मीटर, इमारतीपेक्षा 6 मीटर वर, किंवा सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनावर आधारलेल्या सूत्रानं येणारी उंची. यातली सर्वांत जास्त धरायची.

मंजुरीनंतरचे सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचे असतात. पत्राच्या तारखेपासून सहा महिने मोजत बसू नका. सर्व्हर सुरू करण्याआधी एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) ‘कन्सेंट टू ऑपरेट’, म्हणजे चालवण्याची संमती, घ्या, आणि जुने सर्व्हर भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलरकडेच पाठवा.