बारा चाळीसची सावली

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे चौथीतलं कुठलंही मूल झोपेतून उठवलं तरी सांगेल. आता २० किंवा २१ मार्चला कोल्हापुरातल्या एखाद्या शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी उभी रोवून बघा. बारा वाजून गेले तरी सावली आखडतच असते. ती सर्वांत आखूड होते बारा चाळीसच्या सुमारास, आणि तेव्हाही सुमारे ३० सेंटिमीटर उरते. पाठ केलेलं वाक्य दोन्हीकडून चुकलं!

वेळेचा घोळ घड्याळाचा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. कोल्हापूर त्याच्या पश्चिमेला सव्वाआठ अंश, आणि दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे तेहेतीस मिनिटं तिथेच गेली. उरलेली सात-आठ मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या अक्षाची. ती चौथीत सोडून दिली तरी बिघडत नाही. सावली उरते, कारण त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या माथ्यावर असतो आणि कोल्हापूर तिथून १६.७ अंश उत्तरेला आहे.

डिजिटल बोर्डावरच्या ॲनिमेशनमध्ये सावलीचं टोक रेखीव असतं. मैदानात ते पुसट दिसतं, कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. मीटरभर काठीच्या सावलीत हा पुसटपणा सेंटिमीटरभर भरतो. ‘बाई, नक्की कुठपर्यंत मोजायचं?’ हा प्रश्न व्हिडिओ बघून कुणी विचारत नाही. उपाय सोपा आहे: काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावायचा. सावलीत उजेडाचा छोटा गोल पडतो, त्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. काठी सरळ आहे का, ते ओळंब्याने बघायचं.

मग मोबाइल काढावा. एरवी तो वर्गात नुसता मिरवतो, इथे त्याला खरं काम आहे. धुळं कोल्हापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, २०.९ अंशांवर. तिथल्या वर्गाला तेवढ्याच काठीची सावली त्याच दुपारी ३८ सेंटिमीटर मिळते. दोन्हीकडच्या मुलांनी आपापला त्रिकोण कागदावर काढून कोनमापकाने सूर्याच्या किरणाचा काठीशी होणारा कोन मोजायचा आणि फोनवर एकमेकांना सांगायचा. फरक येतो ४.२ अंश. नकाशावर दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. ४.२ अंशांना ४६५, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या आसपास येतो. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी अशाच हिशेबाने परीघ काढला होता.

एवढं नीटस उत्तर पहिल्या फटक्यात येईल, अशी आशा मात्र नको. एका गावात सावली एका सेंटिमीटरने चुकली, तर कोन अर्ध्या अंशाने हलतो आणि परीघ चार-पाच हजार किलोमीटरने. मग चूक धुळ्याची की कोल्हापूरची, यावर दोन वर्गांत जुंपते. ती जुंपू द्यावी, आणि काठ्यांचे फोटो एकमेकांना पाठवायला सांगावेत.