माणूस वाचण्याचा लष्करी खटाटोप

जून १९४४ मध्ये अमेरिकेच्या युद्ध माहिती कार्यालयाने मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांच्याकडे जपानी माणूस समजून घेण्याचं काम दिलं. युद्ध चालू, जपानला जाणं अशक्य. मग अमेरिकेतल्या जपान्यांशी बोलणं, जपानी चित्रपट, कादंबऱ्या यांवरच भिस्त. हे दुरून केलेलं वाचन पुढे गाजलंही आणि टीकेचं धनीही झालं.

त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर यांचा चमू आपल्याच सैनिकांना प्रश्नावल्या वाटत होता. पाच लाखांहून अधिक जवानांची मतं गोळा झाली. मिलिटरी पोलिसांत बढती क्वचित, हवाई दलात भराभर. तरी बढतीवरून कुरकुर जास्त ती हवाई दलात! शेजारच्या खाटेवरचा वर चढला की आपलं मागे राहणं डाचतं. कुणालाच काही मिळत नसेल तर तुलना कुणाशी करणार? युद्धानंतर आधी घरी कुणाला सोडायचं, हे ठरवणारी गुणांची पद्धतसुद्धा जवानांना विचारून ठरली.

शीतयुद्धात नजर परक्या देशांकडे वळली आणि गडबड झाली. कुठे बंड पेटेल हे आधीच ओळखण्यासाठी अमेरिकी लष्कराने १९६४ मध्ये 'प्रोजेक्ट कॅमेलॉट' आखला. नॉर्वेचे योहान गाल्टुंग तेव्हा चिलीत शिकवत होते. त्यांना निमंत्रण आलं. पैसा लष्कराचा म्हणून त्यांनी नकार दिला. चिलीतल्या प्राध्यापकांना गळ घालायला आलेल्या माणसाने मात्र नेमकी हीच गोष्ट दडवली. बिंग फुटलं, चिलीच्या संसदेत गदारोळ झाला आणि जुलै १९६५ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी प्रकल्प गुंडाळला. त्यातलं शास्त्र खरं की खोटं, हे तपासायची वेळच आली नाही.

शहाणपण आलं म्हणावं, तर २००७ मध्ये इराक-अफगाणिस्तानात अमेरिकी लष्करी तुकड्यांबरोबर समाजशास्त्रज्ञ फिरू लागले. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीने त्याच वर्षी विरोध नोंदवला. बंदूकधाऱ्यांच्या घोळक्यातून आलेल्या प्रश्नाला गावकरी मोकळं उत्तर देईल कसा? २०१४ मध्ये तेही थांबलं.

मला यात सर्वांत बोलका वाटतो तो १९५१ चा किस्सा. युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे, असं सीआयएच्या अहवालात छापलं गेलं. मसुद्यावर काम केलेल्या शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना विचारलं, गंभीर म्हणजे किती? कुणी म्हणालं शंभरात वीस, कुणी ऐंशी. आणि त्या मसुद्याला मान सगळ्यांनीच डोलावली होती.