नारळीकर, जयंत विष्णू

(१९ जुलै १९३८ – २० मे २०२५). खगोलशास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानकथाकार. जन्म कोल्हापूरचा, पण शिक्षण बनारसला, कारण वडील विष्णुपंत तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मग केंब्रिज, मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणि शेवटी पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था, जिचे ते संस्थापक संचालक. आत्मचरित्राचं नावच 'चार नगरांतले माझे विश्व' (साहित्य अकादमी, २०१४). चारात नागपूर नाही, हे आपण नागपूरकरांनी मनावर घेऊ नये.

केंब्रिजला फ्रेड हॉईल त्यांचे गुरू. दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला आणि विश्व महास्फोटातून सुरू झालं याबद्दल शंका घेणं नारळीकरांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. हॉईल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहायचे, म्हणजे मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणं यात कमीपणा आहे असं या शिष्याला वाटायचं कारणच नव्हतं.

पहिली कथा 'कृष्णविवर'. ती १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी पाठवली, पण खऱ्या नावाने नाही. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली, ना. वि. ज., त्यावरून झाले 'नारायण विनायक जगताप'. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. पद्मभूषण मिळून तेव्हा नऊ वर्षं झाली होती, नाव बघूनच परीक्षकांनी मार्क दिले असते ना! पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

यावरून त्यांना मराठी विज्ञानकथेचे जनक म्हणायची पद्धत पडली, आणि वाद आहे तो इथेच. 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं भाषांतर आलं होतं. काही अभ्यासक सुरुवात तिथून धरतात. पण भाषांतर ते भाषांतर, म्हणून दुसरे नाथमाधवांच्या 'श्रीनिवासराव' कादंबरीकडे (साधारण १९०८) बोट दाखवतात, तर तिसरे श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य' या १९१५-१६ च्या आसपासच्या कथेला पहिली स्वतंत्र विज्ञानकथा मानतात. विज्ञान कथेच्या पोटात आहे की नुसतं सजावटीला, ही कसोटी लावली तर रानड्यांचा दावा जास्त पटतो. शिवाय भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न आणि नारायण धारपांच्या कथा हेही १९७४ च्या आधीचंच. तेव्हा जनक हा शब्द जरा जास्तच होतो. नारळीकरांनी केलं ते असं, की या प्रकाराला पंगतीत पाट मिळाला. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी त्यांच्या कथेची दखल घेतली.

'उजव्या सोंडेचा गणपती' मध्ये मोबियस पट्टीची कल्पना आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की तिला एकच बाजू उरते, आणि तिच्यावरून एक फेरी मारून आलेली सपाट आकृती आरशातल्यासारखी उलटी होते; हेच एक मिती वाढवून माणसाला लावलं तर उजवा बॉलर डावखुरा होऊन परत येतो. नागपुरात गणपती म्हटलं की टेकडीचा, त्यामुळे हे शीर्षक वाचून इकडचा माणूस आधी सोंडेच्याच चर्चेत अडकला तर नवल नाही, पट्टी नंतर.

'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात पोचतात जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलीये, कारण विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून गेली. स्पष्टीकरण पुंजवादातल्या (क्वांटम सिद्धांतातल्या) अनिश्चिततेचं. नागपूरकराला पुढचा प्रश्न पडणारच, की मग भोसल्यांचं काय झालं असतं?

याशिवाय 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' वगैरे. भाषा साधी, पात्रं बऱ्याचदा कल्पनेच्या ओझ्याखाली दबलेली, हा आक्षेप जुना आहे आणि अगदीच खोटा नाही. पद्मविभूषण २००४, महाराष्ट्र भूषण २०१०. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, तब्येतीमुळे हजर राहू शकले नाहीत.

पानिपतची गोष्ट इंग्रजीत होऊन एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली. आता नागपूरच्या धरमपेठेतला सीबीएसईचा पोरगा ती परीक्षेसाठी इंग्रजीतून वाचतो आणि मूळ मराठी कथा त्याच घरात आजोबांच्या कपाटात असते.